हँड पॅलेट ट्रकचे पुढचे लोड रोलर ब्रॅकेट बदलल्यावर एक फोर्क वर राहतो : माप कसे घ्यावे?

गोदाममित्र (भिवंडी)

नमस्कार. आमच्या गोदामात २५०० किलो क्षमतेचे सहा हँड पॅलेट ट्रक (पॅलेटखाली फोर्क घालून हाताने पंप मारून माल उचलायच्या गाड्या) आहेत. फोर्कची लांबी ११५० मिमी, दोन्ही फोर्कची मिळून बाहेरची रुंदी ६८५ मिमी, आणि पुढे प्रत्येक बाजूला दोन-दोन पीयूचे (पॉलियुरेथेनचे) रोलर आहेत. मागच्या महिन्यात त्यांपैकी एका ट्रकच्या डाव्या बाजूचे ब्रॅकेट (रोलर धरणारा भाग) पुश रॉडची (ब्रॅकेटला ढकलणाऱ्या दांड्याची) पिन बसते त्या कानाजवळ चिरले. माल थांबवता येत नव्हता, म्हणून छायाचित्र पाठवून एका विक्रेत्याकडून बदली ब्रॅकेट मागवले. पिन २० मिमीचीच निघाली, रोलरही जसेच्या तसे बसले आणि तासाभरात काम उरकले, असे आम्हाला वाटले.

त्यानंतर ट्रक पूर्ण उचलला की डाव्या फोर्कचे टोक उजव्यापेक्षा वर राहते, हे लक्षात आले. पाण्याच्या बाटल्यांचे उंच रचलेले पॅलेट उचलल्यावर माल उजवीकडे कललेला डोळ्यांना दिसतो, आणि आमचे माथाडी कामगार त्या ट्रकला आता हात लावायला तयार नाहीत. त्यांचे म्हणणे मला योग्यच वाटते. दुरुस्तीसाठी आलेल्या माणसाने पंपाचे तेल बदलले, वॉशर बदलले आणि पैसे घेऊन तो गेला. फरक काहीही पडला नाही. ट्रक सध्या बाजूला उभा करून ठेवला आहे. दोष नव्या ब्रॅकेटमध्ये आहे, बसवण्यात आहे की चासिसच वाकली आहे, हे कसे ओळखावे?

देखभाल_भोसरी

ट्रक बाजूला काढलात हे उत्तम केलेत. पंपाचा विषय आधी संपवू. या ट्रकला एकच पंप असतो आणि तो संपूर्ण चासिस एकत्र उचलतो. दोन्ही फोर्क एकाच सांगाड्याला वेल्ड केलेले असल्यामुळे पंपातील कोणताही दोष एका बाजूचे टोक वर आणि दुसऱ्या बाजूचे खाली असा फरक निर्माण करू शकत नाही. तेल कमी असेल तर दोन्ही बाजू कमी उचलल्या जातील, सील गळत असेल तर दोन्ही बाजू हळूहळू खाली येतील. त्यामुळे तेल बदलण्याचा खर्च वाया गेला, असे मला स्पष्ट सांगावे लागेल.

टोकाकडची उंची कशी ठरते ते पाहा. पंप चासिसची मागची बाजू वर उचलतो, त्याच वेळी खालचा रॉकर फिरतो आणि दोन्ही फोर्कच्या पोटातून जाणाऱ्या पुश रॉडना टोकाकडे ढकलतो. रॉकर एकसंध असल्यामुळे दोन्ही रॉड सारखेच सरकतात. रॉडचे टोक ब्रॅकेटच्या कानाला ढकलते, ब्रॅकेट आपल्या मुख्य पिनभोवती फिरते, रोलर खाली येतात आणि फोर्कचे टोक वर जाते. म्हणजे ब्रॅकेट ही एक तरफ आहे. तिच्यात दोन अंतरे महत्त्वाची असतात : मुख्य पिनच्या मध्यापासून रोलरच्या धुरेच्या मध्यापर्यंतचे आणि मुख्य पिनच्या मध्यापासून पुश रॉडच्या पिनच्या मध्यापर्यंतचे. या दोन अंतरांच्या गुणोत्तरावरच टोक किती उचलले जाणार हे ठरते. मागची दोन चाके पंपाखाली मध्यभागी जवळजवळ असतात, त्यामुळे ट्रक डावीकडे झुकणार की उजवीकडे, याचा निर्णय जवळजवळ पूर्णपणे पुढची दोन ब्रॅकेटच करतात.

आता एक साधी तपासणी करा. सपाट ट्रिमिक्स कोब्यावर रिकामा ट्रक उभा करा. फोर्क पूर्ण खाली असताना जमिनीपासून दोन्ही टोकांच्या वरच्या पृष्ठभागाची उंची मोजा, नंतर पूर्ण वर नेऊन पुन्हा मोजा. मग ट्रक त्याच जागी उलट दिशेने उभा करून तीच मापे परत घ्या, म्हणजे कोब्याचा उतार मापात मिसळणार नाही. फरक खाली असताना आणि वर असताना जवळपास सारखाच असेल, तर दोष पुश रॉडच्या लांबीत आहे. खाली फरक नगण्य असेल आणि वर जाताना तो वाढत गेला, तर ब्रॅकेटचे गुणोत्तर चुकले आहे. चासिस पिळली गेली असेल, तर टोकांबरोबरच टाचेकडेही, म्हणजे फोर्क जिथे सुरू होतात तिथेही, पृष्ठभाग एका पातळीत नसल्याचे दिसेल.

गोदाममित्र (भिवंडी)

मापे घेतली. पूर्ण खाली असताना उजवे टोक ८५ मिमी आणि डावे ८६. पूर्ण वर असताना उजवे २०० आणि डावे २०७. उलट उभे करूनही आकडे तेच आले. टाचेकडे दोन्ही बाजू सरळपट्टीवर एका पातळीत आहेत.

देखभाल_भोसरी

म्हणजे चासिस शाबूत आहे, आणि तुमचा फरक वर जाताना वाढतो. उजवीकडे उचल ११५ मिमी आहे, डावीकडे १२१ मिमी. डावी बाजू सुमारे पाच टक्के जास्त उचलते. माझा अंदाज असा की नव्या ब्रॅकेटमध्ये मुख्य पिन आणि पुश रॉडची पिन यांतील अंतर मूळ भागापेक्षा पाच टक्क्यांनी कमी आहे. उजवे मूळ ब्रॅकेट आणि डावे नवे, दोन्ही काढून शेजारी ठेवा.

मोजताना घिसलेल्या छिद्रात व्हर्निअर घालून मध्य शोधण्याचा प्रयत्न करू नका, कारण जुने छिद्र एका दिशेला लंबगोल झालेले असते आणि मध्य चुकतो. दोन्ही छिद्रांत घट्ट बसणाऱ्या नव्या पिना घाला, दोन पिनांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर घ्या आणि त्यातून दोन्ही पिनांच्या व्यासांच्या बेरजेचा अर्धा भाग वजा करा. छिद्र फारच ओघळले असेल, तर पिन न घिसलेल्या बाजूला टेकवून मोजा.

काम सुरू करण्यापूर्वी हँडलची कळ खाली सोडण्याच्या स्थितीत धरून फोर्क पूर्ण खाली येऊ द्या आणि मग ट्रक दोघांनी मिळून आडवा करा. उचललेल्या फोर्कखाली हात घालून रोल पिन (धुरा जागेवर धरणारी पोकळ स्प्रिंग पिन) ठोकणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि कळीला चुकून धक्का लागल्यावर काय होते तेही पाहिले आहे. रोल पिन ठोकण्यासाठी तिच्यापेक्षा किंचित बारीक, सपाट तोंडाचा पंच वापरा, आणि काढलेली रोल पिन पुन्हा बसवू नका. तिचा ताण एकदा गेला की ती धरत नाही, आणि ती सुटली की धुरा बाजूला सरकते.

सुटेभाग_नागदेवी

मी मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हे सुटे भाग विकतो, म्हणून विक्रेत्याच्या बाजूनेही लिहितो. छायाचित्रावरून ब्रॅकेट देणे ही चूक आहे आणि आमच्या बाजारात ती रोज होते. पुढून पाहिले तर दहा ब्रॅकेट सारखीच दिसतात. सगळ्यांना ८० मिमी व्यासाचे रोलर लागतात, बहुतेकांत ६२०४ क्रमांकाचे बेअरिंग असते, धुरा २० मिमीची असते, आणि त्यामुळे ग्राहकाला वाटते की भाग एकच आहे. फरक असतो तो छिद्रांच्या मध्यांतरात, कानाच्या जाडीत, आतल्या रुंदीत आणि मुख्य पिनच्या लांबीत. एकाच उत्पादकाने एकाच नावाच्या ट्रकमध्ये काही वर्षांनी सांगाडा बदललेला असतो, म्हणून पाटीवरील मॉडेल क्रमांकाबरोबर उत्पादनाचे वर्षही सांगावे. पाटी घासून गेली असेल, तर जुना भागच घेऊन यावा.

माझ्याकडे येणाऱ्यांकडून मी ही मापे लिहून घेतो : तीनही छिद्रांचे व्यास, त्यांची मध्यांतरे, ब्रॅकेटची बाहेरची आणि आतली रुंदी, आणि बुश (छिद्रात बसणारी नळी) असेल तर तिचा बाहेरचा व्यास. दुहेरी रोलर असेल तर दोन रोलर धरणाऱ्या बाजूच्या पट्ट्यांचे मध्यांतर वेगळे घेतो, कारण एकेरी रोलर सुमारे ९० मिमी रुंद असतो, दुहेरीतला प्रत्येक सुमारे ७० मिमी, आणि लोक घाईत या दोहोंची गल्लत करतात.

शिरोली_ओतकाम

कोल्हापूरकडे आमच्या परिसरात असे भाग ओततात, त्यामुळे वेगळा प्रश्न विचारतो. जुने ब्रॅकेट चिरलेले आहे, तर ते वेल्ड करून पुन्हा का वापरू नये? मध्यांतर मूळचेच राहील आणि मापाची अडचणच उरणार नाही.

देखभाल_भोसरी

प्रश्न रास्त आहे, पण माझे उत्तर ठामपणे नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण आकड्यांत आहे. २५०० किलोचा पूर्ण भार फोर्कवर नीट मध्यावर ठेवला, तर त्यातला दोनतृतीयांशाहून थोडा अधिक भाग पुढच्या रोलरवर येतो. म्हणजे सुमारे १७५० किलो पुढे आणि प्रत्येक ब्रॅकेटवर सुमारे ८७५ किलो. आता तरफेचा विचार करा. रोलरकडची बाजू १२५ मिमी आणि पुश रॉडकडची ४२ मिमी असेल, तर पुश रॉडच्या कानावर येणारे बल रोलरवरच्या भाराच्या तिप्पट, म्हणजे जवळपास २६०० किलो होते. हे झाले ट्रक स्थिर उभा असताना. डॉक लेव्हलरच्या (गोदामाचा धक्का आणि वाहन जोडणाऱ्या फळीच्या) ओठावरून किंवा दोन फरशांमधल्या सांध्यावरून रोलर आदळला की बल क्षणभर याहून बरेच वाढते. चीर नेमकी त्याच कानात पडली आहे, आणि हा मार दिवसातून शेकडो वेळा बसतो.

शिवाय ब्रॅकेट कशाचे आहे हे आधी ठरवावे लागेल. त्यावर उठावाची अक्षरे, साच्याच्या सांध्याची रेघ आणि गोलसर कोपरे असतील तर ते ओतीव आहे; बहुधा एसजी आयर्न (गोलाकार ग्रॅफाइट असलेले चिवट ओतीव लोखंड) किंवा ओतीव पोलाद. एसजी आयर्न नीट तापवल्याशिवाय वेल्ड केले, तर वेल्डच्या कडेला कडक आणि ठिसूळ थर तयार होतो आणि पुढची चीर त्याच थरातून जाते. हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत असेल. प्लेट कापून वेल्ड केलेले ब्रॅकेट असेल, तर चीर मुळापर्यंत ग्राइंड करून, डाय पेनिट्रंटने (चीर दाखवणाऱ्या रंगद्रवाने) ती संपली आहे याची खात्री करून, कोरड्या लो-हायड्रोजन रॉडने वेल्ड करता येते. पण उष्णतेने कान ओढला जातो, छिद्र वाकडे होते आणि ते पुन्हा बोअर करावे लागते. इतके सगळे काटेकोरपणे करणारा माणूस तुम्हाला मिळाला, तर त्याच्याकडून नवे ब्रॅकेटच बनवून घ्या.

शिरोली_ओतकाम

मान्य. एसजी आयर्नबद्दल आपण लिहिले ते आमच्या अनुभवाशी जुळते. माझा आग्रह भंगार वाचवण्यापुरता होता, पण माणसे जवळ उभी असताना कानावर २६०० किलोचे बल येते, हे मी हिशेबात धरले नव्हते. नवे बनवून घ्यायचे असेल, तर तिन्ही छिद्रे एकाच पकडीत बोअर करावीत, म्हणजे अक्ष समांतर राहतात. अक्ष तिरके झाले की रोलर एका कडेवर चालतो आणि पीयूचा थर एका बाजूने उडतो.

गोदाममित्र (भिवंडी)

दोन्ही ब्रॅकेट काढून सांगितल्याप्रमाणे पिना घालून मोजली. रोलरकडचे अंतर दोन्हींत १२५ मिमी. पुश रॉडकडचे अंतर मूळ ब्रॅकेटमध्ये ४२ मिमी आणि नव्यात ४० मिमी. आपला अंदाज खरा ठरला. दोन मिलिमीटर इतक्या क्षुल्लक वाटणाऱ्या फरकाने सगळा माल कलतो, हे मला कोणी सांगितले असते तरी पटले नसते.

विक्रेता म्हणतो की पुश रॉडच्या टोकाला आटे आहेत, डावीकडचा रॉड दोन मिलिमीटर आखूड करा आणि पातळी जुळवून घ्या. हे करावे का?

देखभाल_भोसरी

करू नका. आटे दिलेले असतात ते दोन्ही रॉडची लांबी एकदा जुळवून घेण्यासाठी. गुणोत्तराची चूक त्यांनी दुरुस्त होत नाही, ती फक्त जागा बदलते. रॉड दोन मिलिमीटर आखूड केला, तर तिपटीच्या हिशेबाने डावे टोक प्रत्येक उंचीवर सुमारे सहा मिलिमीटर खाली येईल. वर असताना पातळी जुळेल, पण फोर्क खाली असताना डावे टोक ८६ ऐवजी ८० मिमीवर उतरेल. मग ते रॅम्पच्या तोंडाशी घासेल आणि ज्या ब्रॅकेटला वाचवायचे आहे त्यालाच धक्का बसेल.

दुसरा एक मार्ग काही जण सुचवतील : दोन्ही बाजूंना तेच ४० मिमीचे ब्रॅकेट बसवा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतील. डावे-उजवे खरोखरच जुळेल. पण टाच ११५ मिमी उचलली जाणार आणि टोक १२१, त्यामुळे फोर्कला चालवणाऱ्याच्या दिशेने उतार येईल. सहा मिलिमीटरचा हा उतार फार नाही आणि अडचणीच्या वेळी मी तो एखादा आठवडा चालवून घेईन, कायमचा मात्र नाही.

डाव्या-उजव्या फरकाचा परिणाम किती होतो तेही सांगतो. तुमच्या दोन फोर्कच्या मध्यांतील अंतर सुमारे ५२५ मिमी आहे. टोकांत सात मिलिमीटरचा फरक असेल, तर दीड मीटर उंच रचलेल्या मालाचा माथा २० मिमी बाजूला जातो. बाटल्यांच्या पॅलेटला एवढे पुरेसे आहे. आपले कामगार जे पाहत होते ते बरोबर होते.

शीतगृह_पिंपळगाव

आमच्याकडे द्राक्षांचे प्री-कूलिंग आणि शीतगृह आहे. चर्चा मापांवर चालली आहे, तरी एक मुद्दा जोडतो, कारण आमची ब्रॅकेट चिरत नाहीत, ती अडकतात. ओल्या आणि थंड जागेत बुशीतले ग्रीस पाण्याने धुतले जाते, पिनवर गंज चढतो आणि ब्रॅकेट फिरेनासे होते. मग कळ सोडली तरी एका बाजूचा फोर्क खाली येत नाही. बाहेर गरम आणि दमट हवेत उभ्या राहणाऱ्या ट्रकांवर काही पीयू रोलरांचा थर चिकट होऊन सुटतो, कारण पॉलिएस्टर जातीचे पीयू दमट उष्णतेत खराब होते. तिथे आम्ही नायलॉनचे रोलर वापरतो. ते कोब्यावर आवाज करतात, पण टिकतात. बदली ब्रॅकेट घेताना त्याला ग्रीस निपल (गनने ग्रीस भरायचे तोंड) आहे की नाही हे आम्ही आधी पाहतो. स्वस्त नकलांमध्ये निपलच्या जागी नुसता खड्डा असतो, आरपार छिद्र नसते.

देखभाल_भोसरी

आपला शेवटचा मुद्दा सगळ्यांनी लिहून ठेवावा. मी नवे ब्रॅकेट बसवण्याआधी निपलला गन लावतो आणि ग्रीस छिद्राच्या आतून बाहेर येते का ते पाहतो.

गोदाममित्र, आता मला दुसरी गोष्ट विचारायची आहे. मूळ ब्रॅकेट चिरलेच का? सहापैकी एकाच ट्रकचे गेले, की इतरांवरही खुणा आहेत? आपले पॅलेट कोणत्या मापाचे आहेत आणि तळाला फळ्या आहेत का?

गोदाममित्र (भिवंडी)

आपण विचारले म्हणून बाकीचे पाचही ट्रक आडवे करून पाहिले. त्यांपैकी दोघांच्या कानाजवळ बारीक केसासारख्या रेघा आहेत. रंग खरवडून पाहिल्यावर एक तर निश्चितच चीर आहे, दुसऱ्याबद्दल शंका आहे. दोन्ही ट्रक त्याच मार्गिकेत चालतात जिथे १२०० × १००० मिमीचे प्लास्टिकचे पॅलेट येतात. त्यांना तळाला चारही बाजूंनी पट्टी आहे.

देखभाल_भोसरी

मला हेच वाटत होते. आपल्या ट्रकवर टोकापासून रोलरच्या मध्यापर्यंत किती अंतर आहे ते मोजा. साधारण १७० मिमी असेल, तर ११५० मिमीच्या फोर्कवर रोलर टाचेपासून ९८० मिमीवर येतो. पॅलेट १२०० मिमीच्या दिशेने घेतले, तर रोलर तळाच्या शेवटच्या पट्टीच्या अलीकडे, मोकळ्या जागेत राहतो आणि काही बिघडत नाही. पण तेच पॅलेट १००० मिमीच्या बाजूने घेतले आणि फोर्क टाचेपर्यंत आत ढकलला, तर रोलर बरोबर शेवटच्या पट्टीवर येऊन बसतो. मग पंप मारला की रोलर खालच्या पट्टीला दाबतो आणि फोर्क वरच्या पृष्ठभागाला उचलतो. पॅलेट उघडण्यासाठी जॅक लावावा तसे हे होते. भार कितीही हलका असला तरी पंप आपले संपूर्ण बल त्या दोन कानांवर लावतो. लाकडी पॅलेट असते तर फळी तुटली असती आणि तुम्हाला कळले असते. चिवट प्लास्टिक तुटत नाही, म्हणून ब्रॅकेट तुटते.

उपाय ट्रकमध्ये नसून चालवण्यात आहे. पट्टी १०० मिमी रुंद आणि दुहेरी रोलरची एकूण लांबी सुमारे १७० मिमी धरली, तर टाच पॅलेटला टेकण्याच्या निदान १७० मिमी आधी थांबायला हवे. फोर्कवर त्या अंतरावर रंगाचा पट्टा ओढा.

सुटेभाग_नागदेवी

फोर्कची लांबी पॅलेटच्या खोलीला जुळणारी घ्यावी, हे मी खरेदीच्या वेळीच सांगतो. १००० मिमीच्या बाजूने नेहमी काम असेल, तर आखूड फोर्कचा ट्रक मिळतो. आधीच घेतलेल्या ट्रकसाठी पट्ट्याचा उपाय योग्य आहे. आपली मापे मी वाचली. ४२ आणि १२५ मध्यांतराचे ब्रॅकेट माझ्याकडे आहे, पण बाहेरची रुंदी आणि मुख्य पिनची लांबी कळल्याशिवाय मी ते पाठवणार नाही.

गोदाममित्र (भिवंडी)

रोलरचे अंतर १६५ मिमी निघाले. त्या मार्गिकेतल्या चारही ट्रकांच्या फोर्कवर टाचेपासून १८० मिमीवर पिवळा पट्टा ओढला आहे, आणि पट्टा पॅलेटच्या कडेशी आला की थांबायचे, असे ठरले आहे. रोलर नेमका कुठे येतो हे मी कामगारांना रिकामे पॅलेट उभे करून दाखवले. त्यांच्यापैकी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लगेच सांगितले की पंप मारताना तिथे करकर आवाज येत असे आणि हँडल जड जात असे. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. ती चूक माझी आहे.

शंका असलेला दुसरा ट्रकही वापरातून काढला आहे. तीन ट्रकांसाठी ब्रॅकेटच्या तीन जोड्या, सोबत नव्या पिना, बुशी आणि रोल पिना असे मागवत आहे. बाहेरची रुंदी आणि पिनची लांबी आज मोजून विक्रेत्यांना वेगळ्याने कळवली आहे.

गोदाममित्र (भिवंडी)

तीनही जोड्या आल्या. बसवण्यापूर्वी सहाही ब्रॅकेट पिना घालून मोजली. पाचांत ४२ मिमी बरोबर आहे, एकात ४१.४ आहे, ते परत पाठवले आणि बदलून मिळाले. निपलला गन लावून ग्रीस आरपार येते का तेही पाहिले.

पहिल्या ट्रकची आजची मापे : खाली दोन्ही टोके ८५ मिमी, वर उजवे २०० आणि डावे २००.५. ६०० किलोच्या मालाखालीही फरक तेवढाच राहिला. उरलेल्या दोन ट्रकांचे काम रविवारी, गोदाम बंद असताना करणार आहोत.